उसनं विमान : ‘हल्क’ मालिकेतल्या एका अपहरण-भागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शुक्रवार, ७ एप्रिल १९७८. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेचा पाचवा नियमित भाग लागला. नाव फक्त ‘७४७’. डॉक्टर डेव्हिड बॅनर प्रवासी म्हणून एका जम्बो जेटमध्ये बसतो. विमानाच्या पोटात प्राचीन इजिप्तमधला मौल्यवान ऐवज चाललेला असतो. त्यावर डोळा ठेवून कर्मचाऱ्यांपैकीच एक वैमानिक आणि एक हवाईसुंदरी संगनमत करतात आणि कॉकपिटमधल्या बाकीच्यांना गुंगीचं औषध देऊन विमान आपल्या ताब्यात घेतात. शेवटी विमान खाली आणायची वेळ येते ती डॉक्टरवर, ज्याने आयुष्यात कधी विमान चालवलेलं नाही आणि ज्याला राग आला की तो हिरवा राक्षस होतो.

मालिका तेव्हा नवी होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये दोन टीव्हीपट झाले आणि १० मार्च १९७८ पासून साप्ताहिक भाग सुरू झाले. मालिकेचे निर्माते केनेथ जॉन्सन यांनी कॉमिकमधला ब्रूस बॅनर बदलून डेव्हिड केला. हल्क लाल असावा, रागाचा रंग तोच, असंही त्यांचं म्हणणं होतं, पण ते मान्य झालं नाही. बॅनर झाला बिल बिक्सबी, हल्क झाला शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नो, उंची सहा फूट पाच इंच. स्टुडिओ युनिव्हर्सल.

या प्रकरणात ज्यांची नावं सर्वांना ठाऊक आहेत तीच घेतली आहेत. बाकीच्यांना निर्माता, लेखक, संकलक अशा पदांनीच ओळखू. प्रश्न त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा नाही, पेचाचा आहे.

मालिकेचा साचा साधा होता. बॅनर गावोगाव भटकतो, मिळेल ते काम करतो, कुणाच्या तरी अडचणीत सापडतो, भागात दोनदा हल्क होतो, आणि शेवटी खांद्यावर पिशवी टाकून रस्त्याच्या कडेने चालू लागतो. मागे संगीतकार जो हार्नेल यांचं ते उदास पियानोवादन. अंगठा दाखवून ट्रकमध्ये लिफ्ट मागणारा हा नायक. त्याला थेट जम्बो जेटमध्ये बसवायचं म्हणजे हिशेबाच्या वहीला घाम फुटायचाच.

अडचण

पहिली अडचण पैशाची आणि वेळेची. त्या काळी तासाभराच्या मालिकेचा एक भाग साधारण सात-आठ दिवसांत चित्रित व्हायचा. मोकळा रस्ता, गॅरेज, एखादं हॉटेल, गोदाम एवढं त्यात बसतं. उडणारं, हेलकावणारं, धावपट्टीवर उतरणारं ७४७ बसत नाही.

दुसरी अडचण प्रेक्षकांच्या माहितीची. ७४७ प्रवासी सेवेत आलं जानेवारी १९७० मध्ये. १९७८ पर्यंत अमेरिकन माणसाला ते विमान तोंडओळखीपलीकडे माहीत होतं. वरच्या मजल्यावरचं कॉकपिट, गोल जिना, कुबड आलेलं डोकं. दुसरंच एखादं विमान दाखवून वेळ मारून नेणं शक्य नव्हतं, त्यातून भागाचं नावच ‘७४७’. शिवाय हे विमान तेव्हा भलत्याच कारणांनी लोकांच्या डोक्यात होतं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली होती. आणि आपल्याकडे, हा भाग अमेरिकेत लागण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईकडे निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. २१३ जण होते, एकही वाचला नाही. कॅप्टनसमोरच्या क्षितिजदर्शकाने, म्हणजे विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणाऱ्या काट्याने, चुकीचं दाखवलं, बाहेर मिट्ट काळोख, आणि हजारो तासांचा अनुभव असलेल्या माणसाने त्या काट्यावर विश्वास ठेवला. हे आठवलं की नवशिक्या डॉक्टरने जम्बो उतरवण्याची गोष्ट बघताना मराठी माणसाच्या पोटात जरा वेगळाच गोळा येतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात रंजक वाटते, कारण ती पैशाने सुटणारी नव्हती. या मालिकेत संकट कुठलंही असो, उत्तर एकच: हल्क येतो आणि उचलून आपटतो. पण कॉकपिट ही जगातली अशी जागा आहे जिथे हल्कचा काडीचा उपयोग नाही. तिथे बोटभर बटणं आहेत, नाजूक काटे आहेत, रेडिओवर बोलायचं आहे. हल्कला बोलताच येत नाही. म्हणजे मालिकेचा हुकमाचा एक्का या भागात शत्रूच्या हातात होता.

समोरचे पर्याय

खरं विमान भाड्याने घेणं हा पर्याय कागदावरच संपतो. विमान कंपनीचं जम्बो एक दिवस जमिनीवर उभं राहिलं तरी तिचं नुकसान, आणि स्वतःच्या नावाच्या विमानात आपलेच कर्मचारी दरोडा घालताना दाखवायला कोण तयार होईल?

छोटी प्रतिकृती करून उडवणं शक्य होतं. पण प्रतिकृतीत जीव आणायचा तर प्रकाश, धूर, कॅमेऱ्याचा वेग या सगळ्यावर निगुतीने काम करावं लागतं, आणि आठवड्याच्या मालिकेकडे निगुतीला वेळ नसतो. घाईत केलेली प्रतिकृती खेळण्यासारखीच दिसते.

विमान बाहेरून दाखवायचंच नाही हा तिसरा पर्याय. सगळी गोष्ट आत ठेवायची: आसनांच्या रांगा, मालाचा कप्पा, कॉकपिट. बाहेरचं सगळं आवाजातून, हादऱ्यांतून आणि प्रवाशांच्या चेहऱ्यांतून. हा पर्याय स्वस्त आहे आणि, माझ्या मते, कलेच्या दृष्टीने सर्वांत धीट. पण १९७८ मध्ये शुक्रवारी रात्री कृतिप्रधान मालिका बघायला बसलेल्या माणसाला ‘विमान दाखवाच’ असं वाटणार, हा वाहिनीचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही.

चौथा पर्याय स्टुडिओच्या आवारातच, गोदामात, डब्यांमध्ये बंद होता. युनिव्हर्सलने १९७४ मध्ये ‘एअरपोर्ट १९७५’ हा चित्रपट काढला होता. त्यात एक छोटं खासगी विमान जम्बोच्या कॉकपिटवर आदळतं, वैमानिक निकामी होतात, आणि एका हवाईसुंदरीला रेडिओवरच्या सूचनांनुसार विमान हवेत धरून ठेवावं लागतं. त्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सचं खरं ७४७ वापरलं होतं आणि त्यावर ‘कोलंबिया एअरलाइन्स’ या काल्पनिक कंपनीचं नाव रंगवलं होतं. यूटामधल्या डोंगरांवरून ते उडताना, सॉल्ट लेक सिटीत उतरताना मोठ्या पडद्यासाठी टिपलेलं होतं. पैसे देऊन झालेले, हक्क स्टुडिओचेच.

निर्णय आणि अंमलबजावणी

चौथा पर्याय घेतला गेला. बाहेर उडणारं विमान ‘एअरपोर्ट १९७५’ मधलं, आतली माणसं ‘हल्क’मधली.

गंमत अशी की हे तयार चित्रण नुसतं पोकळी भरत नाही, ते गोष्टीला वाट दाखवतं. मूळ चित्रपटात प्रशिक्षण नसलेली व्यक्ती कॉकपिटमध्ये आहे, इथेही आहे. तिथे वैमानिक निकामी, इथेही निकामी. कारण तेवढं बदललं. टोपी आधी मिळाली आणि तिच्या मापाचं डोकं नंतर शोधलं, असं मला हा भाग बघताना सतत वाटतं. मात्र सगळे तुकडे उपयोगाचे नव्हते. मूळ चित्रपटाचा सगळा थरार कॉकपिटला पडलेल्या भोकाभोवती आणि हेलिकॉप्टरमधून दोरीने त्या भोकात उतरणाऱ्या माणसाभोवती आहे. ‘हल्क’च्या गोष्टीत ना भोक, ना हेलिकॉप्टर. म्हणजे सर्वांत महागडे शॉट बाद, आणि कामाला येणार ते एरवी कुणाच्या लक्षात न राहणारे, नुसतं विमान जाताना दिसतंय असे.

‘कोलंबिया’ ही काल्पनिक कंपनी इथे पुन्हा कामी आली. खऱ्या कंपनीचं नाव शेपटीवर असतं तर हे चित्रण असं दुसऱ्या गोष्टीला, तेही बेइमान कर्मचाऱ्यांच्या गोष्टीला, जोडताच आलं नसतं. १९७४ मध्ये कुणीतरी रंगाचा डबा उघडला त्याचं व्याज १९७८ मध्ये मिळालं.

तांत्रिक बाजू फारशी कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. तो चित्रपट रुंद पडद्यासाठी होता, रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त. टीव्हीची चौकट चारास तीन. रुंद चित्र चौकोनी खिडकीत बसवताना बाजूंचा सुमारे चाळीस टक्के भाग कापला जातो आणि उरलेलं मोठं करावं लागतं. मोठं केलं की दाणे उठतात, रंग किंचित उडतो. शेजारच्या शॉटमध्ये आसनावर बसलेला बिक्सबी स्वच्छ, आणि कट झाला की आकाश खरखरीत. १९७८ च्या दिवाणखान्यातल्या डबड्याने हे सगळं पदरात घेतलं. पुढे डीव्हीडीवर हे भाग आले तेव्हा सांधे उघडे पडले.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा. हिंदी चित्रपटात नायक एका कंपनीच्या विमानाच्या शिडीवर चढतो, दुसऱ्याच कंपनीचं विमान उडतं आणि लंडनला तिसरंच उतरतं, हे बघत आपण मोठे झालो. टाळ्या वाजवणाऱ्याने शेपटीवरचं चिन्ह कधी वाचलं नाही.

दुसरा निर्णय गुन्हेगार कोण, हा. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत विमान अपहरणांची साथच आली होती. शंभराहून अधिक प्रयत्न झाले. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘डी. बी. कूपर’ म्हणून ओळखला गेलेला माणूस दोन लाख डॉलर घेऊन बोईंग ७२७ च्या मागच्या जिन्यावरून पॅराशूट बांधून उडी मारून गेला तो आजतागायत सापडलेला नाही. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. तेव्हा १९७८ च्या गोष्टीत बाहेरून पिस्तूल घेऊन चढणारा माणूस पटायला अवघड. घरभेदी मात्र तपासणीच्या आतच असतो. शिवाय राजकीय मागण्या नाहीत, देशांची नावं नाहीत, निव्वळ हाव. कौटुंबिक वेळेत दाखवायच्या मालिकेला हे सोयीचं होतं.

इजिप्तचा ऐवज कुठून आला, हे तारखाच सांगतात. तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंचं फिरतं प्रदर्शन नोव्हेंबर १९७६ पासून अमेरिकाभर फिरत होतं आणि फेब्रुवारी ते जून १९७८ ते लॉस एंजेलिसमध्ये होतं, म्हणजे स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर. लोक रांगा लावून तो सोनेरी मुखवटा बघत होते. अशा वेळी विमानातून नुसत्या नोटांच्या थैल्या पळवणं हा करंटेपणा झाला असता.

तिसरा निर्णय हल्कच्या पेचाचा, आणि इथे लेखनाला दाद दिली पाहिजे. हल्क कॉकपिटमध्ये निरुपयोगी आहे, तर त्यालाच टांगती तलवार करायचं. एरवी प्रेक्षक वाट बघतो की बॅनरला राग कधी येतो. या भागात पहिल्यांदाच प्रेक्षक मनात म्हणतो, बाबा, आत्ता नको. रेडिओवरून सूचना येतायत, हात थरथरतायत, आणि धोका बाहेरच्या वादळाचा नसून पायलटच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाडीचा आहे. पण साचा म्हणतो, भागात दोन रूपांतरं हवीत आणि दुसरं शेवटाजवळ. मग ते नेमकं विमान उतरण्याच्या घाईतच येतं. मालिकेच्या नियमाने गोष्टीचा गळा आवळण्याऐवजी तिला धार दिली.

त्या चिंचोळ्या जागेत फेरिग्नोला बसवणं हे वेगळंच प्रकरण. अंगभर हिरवा रंग, डोक्यावर टोप, आणि डोळ्यांत त्रासदायक भिंगं, जी एका वेळी थोडाच वेळ घालता येत. त्याच्या गुरगुरण्याचा आवाज मात्र त्याचा नाही. पहिल्या काळात तो अभिनेते टेड कॅसिडी यांनी दिला, तेच मालिकेच्या सुरुवातीचं निवेदनही करत. म्हणजे या भागात हल्कचं शरीर एकाचं, आवाज दुसऱ्याचा, विमान तिसऱ्याच चित्रपटाचं.

चौथा निर्णय पात्रनिवडीचा. विमानात बॅनरच्या सोबतीला एक मुलगा आहे, तोच पुढे कॉकपिटमध्ये त्याला साथ देतो. ती भूमिका केली ब्रँडन क्रूझने. १९६९ ते १९७२ या काळात एबीसी वाहिनीवर ‘द कोर्टशिप ऑफ एडीज फादर’ नावाची मालिका होती. त्यात बिक्सबी विधुर बाप आणि छोटा क्रूझ त्याचा मुलगा एडी. सहा-सात वर्षांच्या त्या पोराला अमेरिकेने घरातलं मूल मानलं होतं. आता तो पंधरा वर्षांचा, आणि शेजारच्या खुर्चीत पुन्हा तोच बाप. संवादात याचा उल्लेख करायची गरजच नव्हती. माझ्या लेखी हेही जुनंच चित्रण वापरणं आहे, फक्त डब्यातलं नव्हे, प्रेक्षकाच्या आठवणीतलं. आणि विमानाच्या चित्रणाला जो दाणा आला तो या आठवणीला आला नाही.

निष्पत्ती

भाग वेळेत लागला, मालिका पाच हंगाम म्हणजे १९८२ पर्यंत चालली. जुन्या डब्यांवर गुजराण करता येते हे सिद्ध झालं, आणि हात लगेच पुन्हा त्या फडताळाकडे गेला. तीनच आठवड्यांनी, २८ एप्रिलला लागलेल्या ट्रकच्या भागात स्टुडिओने स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७१ च्या ‘ड्युएल’ या टीव्हीपटाचे तुकडे वापरले. तिथे मात्र नाराजी झाली. स्पीलबर्ग यांना ते मुळीच रुचलं नाही, पण हक्क युनिव्हर्सलचे असल्याने काही करता येत नव्हतं. पुढच्या करारांत त्यांनी आपलं चित्रण असं दुसरीकडे वापरता येणार नाही अशी तजवीज करून घेतली.

‘७४७’बद्दल असा आरडाओरडा झाला नाही, आणि दोन्ही भाग शेजारी ठेवले तर कारण दिसतं. ‘ड्युएल’मध्ये ट्रक हेच पात्र आहे. त्याच्या प्रत्येक शॉटवर दिग्दर्शकाच्या बोटांचे ठसे आहेत. तो उचलणं म्हणजे नट उचलणं. ‘एअरपोर्ट १९७५’ मधून घेतलेलं उडतं विमान म्हणजे नेपथ्य. कायद्याला दोन्ही सारखे, बघणाऱ्याच्या डोळ्याला नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

बाहेरचे शॉट निम्म्याने कमी केले असते तर चाललं असतं. भागाची खरी ताकद बिक्सबीच्या कपाळावरच्या घामात आहे, आणि दर वेळी तिथून कट होऊन आकाशात गेलं की ताण किंचित सैल पडतो. चित्रण फुकट आहे म्हणून ते भरपूर वापरायचा मोह हीच या पर्यायाची खरी किंमत. फुकटचं ताटात पडलं की वाढणाऱ्याचा हात आखडत नाही.

विमानाच्या उंचीचा उपयोग करून घ्यायला हवा होता. जमिनीवर उभ्या ७४७ मध्ये वैमानिकाची नजर सुमारे २९ फुटांवर असते, जवळजवळ तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसल्यासारखी. नवख्या माणसाला चाकं टेकली तरी आपण अजून हवेतच आहोत असं वाटेल. एवढी एक गोष्ट रेडिओवरच्या आवाजाने सांगितली असती तर प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकली असती, आणि खर्च एका वाक्याचा.

कॉकपिटमधल्या तिसऱ्या माणसाचं, फ्लाइट इंजिनिअरचं, काय करायचं हाही प्रश्न होता. त्या काळच्या ७४७ ला दोन नाही, तीन माणसं लागत. तिसरा मागे आडव्या पॅनेलसमोर बसून इंधन, दाब, वीज सांभाळायचा. एकटा डॉक्टर आणि एक पोरगा म्हणजे हिशेबात दीड माणूस कमीच. इथे अभ्यासू प्रेक्षक कुरकुरणार हे गृहीत धरून लेखन पुढे सरकलं, आणि पन्नासेक मिनिटांच्या भागात ते क्षम्य आहे. पण त्या रिकाम्या तिसऱ्या खुर्चीचं दृश्य मला फार हवं होतं. शुद्धीवर नसलेला इंजिनिअर, त्याचे लुकलुकणारे दिवे, आणि ते वाचता येणारं कुणी नाही.

क्रूझची निवड मात्र जशी आहे तशीच ठेवावी. पुढे तो अभिनयापासून लांब गेला, पंक बँडमध्ये गायक झाला. बिक्सबी १९९३ मध्ये कर्करोगाने गेले. क्रूझने आपल्या मुलाच्या नावात ‘बिक्सबी’ हे नाव घातलं आहे.